चौदा दात्यांचं चाक

पहिल्याच पायडलला मला कळलं की माझ्या सायकलला कुणीतरी हात लावलाय.

मागून सीट धरून उभ्या असलेल्या माणसाने ढकललं, मी उजवा पाय दाबला आणि पाय खाली जाईचना. म्हणजे गेला, पण चिखलातून जावा तसा. माझ्या मागच्या चाकावर पंधरा दात्यांचं चक्र असायला हवं होतं, आणि चढायच्या घाईत मी मागे बघितलंच नव्हतं. मागचे दाते जितके कमी तितका गिअर जड, आणि हा गिअर जड होता. असा उद्योग करणारा जगात एकच माणूस होता, आणि तो ट्रॅकच्या कठड्याला टेकून, हाताची घडी घालून माझ्याकडे कौतुकाने बघत होता. माझे मामा.

पुण्याच्या ट्रॅकवर राज्याची निवड चाचणी चालली होती. मुलींच्या स्प्रिंटमधून एकच जण राष्ट्रीय स्पर्धेला जाणार होती आणि शेवटच्या लढतीला आम्ही दोघी उरलो होतो. मी, मालन चौगुले, आणि सुवर्णा खोत. सुवर्णा ही मामांची मुलगी. आम्हा दोघींचे वस्ताद मामाच. तीनपैकी दोन फेऱ्या जिंकेल तिची निवड, एवढा साधा हिशेब होता.

स्प्रिंटची शर्यत ज्याने पाहिली नाही त्याला ती वेडेपणाची वाटते. दोघीच पळणार, ट्रॅकच्या तीन चकरा. त्यातल्या पहिल्या दोन मुंगीच्या पावलांनी, एकमेकींवर डोळा ठेवून जातात, कारण पुढची वारा कापते आणि मागची तिच्या आडोशाने फुकट येते. मग कुठल्या तरी क्षणी एक जण झेप घेते. त्या झेपेतच सगळं असतं. आणि जड गिअरवर झेप घेता येत नाही. तुम्ही सगळं वजन पायडलवर टाकता आणि सायकल विचार करत बसते.

शेवटच्या वळणावर सुवर्णा सुटली. मी उठून उभी राहिले, दाबलं, आणखी दाबलं. मांड्या पेटल्या. माझा वेग येईपर्यंत तिने रेघ ओलांडली होती.

ट्रॅकच्या सायकलला ब्रेक नसतो आणि तिचं चाक मोकळंही फिरत नाही. चाक फिरतं तोवर पाय फिरवावेच लागतात. त्यामुळे हरल्यावरही मला अख्खी एक चक्कर मारावी लागली, आणि मामांच्या समोरून जावं लागलं. त्यांनी हाताने खूण केली, जोर लाव म्हणून. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

सायकल मंडपामागे नेऊन मी ती त्यांच्यासमोर उभी केली.

"चाक कुणी बदललं?"

"मी," मामा म्हणाले. "चौदाचं घातलंय."

"मला न विचारता?"

"इचारलं असतं तर तू हो म्हणली असतीस काय?"

हे त्यांचं नेहमीचं होतं. मामा मूळचे पैलवान. सांगलीजवळच्या आमच्या गावात त्यांची तालीम होती. ऐन उमेदीत खांदा निखळला, कुस्ती सुटली, आणि जत्रेत होणाऱ्या सायकल शर्यतींकडे त्यांचं लक्ष गेलं. मुलींना सायकलवर बसवणारा पंचक्रोशीतला पहिला माणूस तो, हे मी आजही नाकारत नाही. लोकांनी नावं ठेवली, त्यांनी ती कानाआड केली. पण कुस्ती सुटली तरी डोक्यातली तालीम काही सुटली नाही. पैलवानाची मांडी भरली की तो तयार झाला, तसंच सायकलवाल्याचं, हे त्यांचं शास्त्र. आम्ही भल्या सकाळी बैठका मारायचो आणि मग कॅरिअरला वाळूचं पोतं बांधून वाऱ्याच्या तोंडावर सायकली मारायचो. दर शनिवारी मामी शिंप्याच्या टेपने आमच्या मांड्या मोजायची आणि मामा पाठमोरे बसून आकडा विचारायचे. आकडा वाढला की दुधात तूप. नाही वाढला की गिअर आणखी जड.

मांड्या भरल्या, यात शंका नाही. जत्रेच्या शर्यतीत गाडीवाटेच्या चढावर आमच्यापुढे कुणी टिकायचं नाही. ट्रॅकवर मात्र शहरातल्या काटकुळ्या मुली आमच्या नाकासमोरून निघून जायच्या. मामा म्हणायचे, अजून ताकद कमी पडतीय.

त्या वर्षी उन्हाळ्यात मी पुण्याला शिबिराला गेले. मामांची परवानगी आईने रडून मिळवली होती. तिथे सोराबजी म्हणून एक पारशी सर होते, तिरसट म्हातारा. त्यांनी पहिल्या दिवशी मला रोलरवर बसवलं. रोलर म्हणजे जमिनीवरच फिरणारी तीन नळकांडी, त्यावर सायकल चालते आणि कुठेच जात नाही. गिअर हलका ठेवला आणि म्हणाले, जेवढं जोरात फिरवता येईल तेवढं फिरव. मी फिरवलं. थोड्या वेळातच मी सीटवर चेंडूसारखी उडायला लागले आणि रोलरवरून खाली आले.

सरांनी माझ्या उजव्या मांडीवर बोटाने टकटक केलं आणि विचारलं, "हा पाय वर येतो तेव्हा काय करतो?"

मी म्हटलं, काही नाही, वर येतो.

"काही नाही कसं? तो अजून खालीच दाबतोय. डावा बिचारा खाली जाता जाता त्याला उचलतोय. तू स्वतःशीच कुस्ती खेळतेस, पोरी."

मग त्यांनी समजावून सांगितलं. स्नायू आवळायला वेळ लागतो आणि सैल व्हायलाही लागतो. पाय सावकाश फिरत असतात तेव्हा हा वेळ मिळतो. ते वेगाने फिरायला लागले की ज्याला सैल होणं शिकवलेलं नाही तो स्नायू उशीर करतो आणि दुसऱ्या पायाच्या कमाईवर बसून खातो. फार हळू फिरवलं तर जोर असतो पण वेग नसतो. फार जोरात फिरवलं तर वेग असतो पण जोर लागायच्या आत पायडल निघून जातं. दोन्हीच्या मध्ये एक जागा असते, तिथे पाय सगळ्यात जास्त देतो. "तुमच्या गावात दाबायला छान शिकवतात," सर म्हणाले. "आता सोडायला शीक."

महिनाभर मी फक्त सोडायला शिकले. शेवटी शेवटी पाय असे फिरायला लागले की ते माझेच आहेत यावर माझा विश्वास बसेना. निघताना सरांनी पंधरा दात्यांचं एक मागचं चाक मला वापरायला दिलं. त्याच्या मधल्या भागाला निळा रंग मारलेला होता. आमच्या तालमीत तोवर मोठ्या मुलींना सगळी चौदाचीच चाकं असायची.

गावी आले तर मामीचा टेप मांडीवर सैल बसला. मामा आकडा ऐकून वळले, पहिल्यांदाच वळले, आणि म्हणाले, "उतरलीस." मी सरावात सुवर्णाला रोज मागे टाकायला लागले तेही त्यांना दिसत होतं. पण दिसणं आणि पटणं यात मामांच्या बाबतीत फार अंतर होतं. सुवर्णाला मी रोलरबद्दल सांगायला गेले तर तिने तोंड फिरवलं. बापाने ठणकावलं होतं तिला, की त्या पारशाचं खूळ डोक्यात घेऊ नकोस. त्यानंतर आमचं बोलणं जवळपास थांबलंच होतं.

तर आता मंडपामागे मामा मला शांतपणे समजावत होते की राज्याची निवड म्हणजे काही पोरखेळ नाही, फिरकीच्या जोरावर ती मिळत नसते. मला जितकं समजावत होते तितकी मी भडकत होते.

"माझं चाक द्या," मी म्हटलं.

"टेंपोत टाकलंय. ऱ्हाऊ दे तिथंच."

"मामा, ही माझी शर्यत आहे. पाय माझे आहेत."

"तुझे?" ते हसले. "हे पाय कुणी केले? आलीस तवा काडीपैलवान हुतीस."

मग माझ्या तोंडून ते निघालं. आसपास पंच होते, दुसऱ्या जिल्ह्यांची माणसं होती, आमच्याच तालमीच्या लहान मुली होत्या. कुणाचीही तमा न बाळगता मी म्हटलं, "तुमची पोरगी निवडून यावी म्हणून केलंत तुम्ही हे."

मामांचा चेहरा क्षणात उतरला. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

"सुवर्णालाबी चौदाच हाय," ते हळू आवाजात म्हणाले. "दोघींना एकाच ताटात वाढलंय मी. आजवर येगळं वाढलेलं न्हाई."

"मग ती सुटली कशी?"

"तिच्या मांडीत हाय म्हणून. तुझ्या मांडीतलं त्या म्हाताऱ्यानं काढून घेतलं."

मी टेंपोकडे धावले. पोती उचलली, पंप, पिशव्या, जुने टायर खाली फेकले. निळं चाक कुठेच नव्हतं. दुसऱ्या फेरीसाठी आमची नावं पुकारली गेली. मी परत आले आणि मामांनी चढवलेल्या त्याच चाकावर रेघेवर जाऊन उभी राहिले. शेजारी सुवर्णा आली. तिची सायकल धरायला माणूस वाकला, आणि मला तिचं मागचं चाक दिसलं. मधला भाग निळा होता.

मला एकदम सगळं उलगडलं. मामांनी माझं चाक काढून टेंपोत टाकलं होतं, आणि त्यांची पाठ वळताच सुवर्णाने ते आपल्या सायकलला चढवलं होतं. बाप दिवसरात्र चौदाचे गोडवे गात होता आणि लेक दोन महिने माझे पाय बघत होती. पहिली फेरी ती माझ्याच चाकावर जिंकली होती.

"माझं चाक आहे ते," मी म्हटलं.

तिने समोरून नजर न काढता म्हटलं, "माहितीय."

पंचांना सांगितलं असतं तर काय झालं असतं कुणास ठाऊक. पण मला आता कुणाला काही सांगायचंच नव्हतं. मामाने फसवलं, बहिणीने लुटलं, आणि दोघांनाही मी आता दाखवणार होते. रागाने एक बरं केलं. डोकं लख्ख चालायला लागलं. चौदाच्या चाकावर मला झेप घेता येणार नव्हती, ठीक. मग झेप घ्यायचीच नाही. जड गिअर एकदा पळायला लागला की पळतो. त्याला पळवायला लांबून सुरुवात करायची. आणि सुवर्णाने चाक चोरलं होतं. ते पळवणारे पाय काही तिला चोरता आले नव्हते.

शिट्टी झाली. चिठ्ठीत मला पुढे जायचं आलं होतं. पहिली चक्कर मी रेंगाळत काढली आणि वळणावळणाने, बशीच्या काठासारख्या तिरक्या ट्रॅकच्या उंच बाहेरच्या कडेला चढले. सुवर्णा मागे चिकटून होती. ती शेवटच्या वळणाची वाट बघत होती, पहिल्या फेरीसारखीच. दुसरी चक्कर संपायला बराच अवकाश असताना मी त्या उंच कडेवरून स्वतःला खाली झोकून दिलं. उताराने चाकाला जो वेग दिला तो मी सोडला नाही. बसून राहिले, दाबत राहिले, आणि पायडल खाली गेलं की पाय सोडत राहिले.

लोक ओरडले, फार लवकर सुटली म्हणून. सुवर्णा माझ्या मागेच होती, मला तिच्या टायरचा आवाज येत होता. घंटा वाजली, शेवटची चक्कर. वेग वाढत गेला आणि माझे पाय त्या मधल्या जागेत येऊन बसले. रोलरवर ते याहून कितीतरी जोरात फिरले होते, त्यामुळे त्यांना घाई नव्हती. तिला मात्र पंधरावर तोच वेग गाठायला माझ्यापेक्षा जास्त वेळा पाय फिरवावे लागत होते, आणि तिच्या त्या भरलेल्या, वाळूच्या पोत्यांवर घडवलेल्या पायांना तेवढं जोरात फिरायला कुणी शिकवलंच नव्हतं. मला मागून तिची सीट करकरताना ऐकू आली. ती उडत होती. तिचा एक पाय दुसऱ्याशी भांडत होता. मग टायरचा आवाज मागे पडत पडत बंद झाला.

तिसरी फेरी सांगण्यासारखी नाही. तिने मला अडवायचा, हळू ठेवायचा प्रयत्न केला, मी बाहेरून वर चढले आणि पुन्हा लांबूनच सुटले. रेघ ओलांडली तेव्हा ती वळणावरच होती. निवड माझी झाली होती. पण मला आनंद झाला नाही, कारण मला अजून हिशेब चुकता करायचा होता.

चक्कर पुरी करून उतरते तोवर मामा धावत आले. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या.

"चौदावर जिंकलीस," ते म्हणाले. "म्हणत नव्हतो मी?"

माझ्या मागोमाग सुवर्णा आली, सायकलवरून उतरली आणि मान खाली घालून उभी राहिली. मग मी ते केलं. तिला उघडं पाडावं, एवढंच तेव्हा मनात होतं.

"मामा, तिच्या मागच्या चाकाचे दाते मोजा."

मामा खाली बसले. बोट लावून त्यांनी एकेक दाता मोजला, पुन्हा मोजला. मी वाट बघत होते. आता त्यांना कळेल की त्यांची स्वतःची लेकसुद्धा त्यांचं ऐकत नव्हती. आता कळेल की पहिली फेरी कुणी कशावर जिंकली आणि मी का हरले. मामा उठले, हात झटकले आणि सुवर्णाकडे वळले.

"म्हणून हरलीस," ते म्हणाले.

सुवर्णाने मान वर केली. "आबा, पहिली फेरी ह्याच चाकावर जिंकले मी."

"ती नशिबानं. चौदा ठिवलं असतंस तर आज निवड तुझी हुती."

आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं. दोन महिन्यांत पहिल्यांदाच. तिच्या तोंडावर माझ्याविषयी काहीच अढी राहिली नव्हती, आणि माझाही तिच्यावरचा राग कुठे गेला मला समजलं नाही. मामांनी फसवलं नव्हतं. ते खरंच तसं मानत होते. लबाड माणसाशी भांडता येतं, त्याला खजील करता येतं. ज्याची खात्री आहे त्याचं काय करायचं? मी हरले असते तर माझ्या मांडीत ताकद नव्हती. मी जिंकले तर त्यांचं चाक जिंकलं. पालथ्या घड्यावर पाणी ओतायला मी जिवाच्या आकांताने तीन फेऱ्या पळले होते.

मंडपात बक्षिसांची तयारी झाली. विजेतीला तिच्या वस्तादाने हार घालायचा अशी तिथली पद्धत होती. दोघींचेही वस्ताद मामाच, म्हणून त्यांना आधी वर बोलावून त्यांच्या हाती माईक दिला. मामांना भाषण येत नसे, पण त्या दिवशी आलं.

"ही पोर न्हाई म्हणत हुती," ते म्हणाले. "मी तिला न सांगता चौदाचं चाक घातलं. म्हणलं, तुला पेलतंय. आन् बघा." मग त्यांनी पुढे बसलेल्या आमच्या तालमीच्या लहान मुलींकडे बोट केलं. त्यांना अजून हलके गिअर होते, गुडघे अजून कोवळे होते. "आता गावाकडं गेल्यावर सगळ्यांना चौदा. मालनताईनं करून दाखवलंय, आता कुणी रडायचं न्हाई."

लोक हसले. मुलींनी माझ्याकडे बघितलं. त्यातली एक जण पाय चोळत होती.

मी माझी सायकल उलटी केली. पान्यासाठी वळले तर तो सुवर्णाने आधीच पुढे केला होता. तिने फ्रेम धरली, मी दोन्ही नट सैल केले, चेन काढली आणि चाक हातात घेतलं. माझं नाव पुकारलं तेव्हा मी ते घेऊन मंडपात चढले. मामा दोन्ही हातांत झेंडूचा हार धरून उभे होते. पहिल्या नंबरच्या पायरीवर मी उभी राहिले नाही. तिथे ते चाक ठेवलं, एका हाताने ताठ धरलं आणि माईक जवळच होता म्हणून सगळ्यांना ऐकू गेलं.

"जिंकलं ह्यानं म्हणताय न्हवं, मामा? मग हार ह्याला घाला."

मामांनी माझ्याकडे बघितलं, मग चाकाकडे, मग पुन्हा माझ्याकडे. इतका संताप असूनही मला त्या क्षणी वाटत होतं की ते एक पाऊल पुढे येतील आणि हार माझ्या गळ्यात घालतील. फक्त तेवढं केलं असतं तर मी सगळं विसरायला तयार होते.

मामा खाली वाकले. खंडेनवमीला हत्यारांना घालतात तसा त्यांनी तो हार चाकाला घातला, नीट सारखा केला आणि हात जोडले.

वस्तादाची नम्रता बघून लोकांनी टाळ्या वाजवल्या.